लाइट असली तर मग हे कशाला?

मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनचा आठवडा आला की आपल्या होस्टेलची काय अवस्था असते, ते मी सांगायला नको. सहा महिन्यांत ज्याने सोल्डरिंग गन हातात धरली नाही, तो अचानक एक चकाचक डबा घेऊन येतो. पीसीबी हिरवीगार, वर स्टिकर, सोबत स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट. काही हजार रुपये मोजले की 'ऋणनिर्देश' या पानासकट सगळं तयार मिळतं. ओरलला दिवा लागतो, बझर वाजतो, 'गुड' मिळतं आणि डबा कपाटावर जातो. पुढच्या वर्षी तोच डबा नव्या स्टिकरसह खाली उतरतो.

मी माझा प्रोजेक्ट स्वतः केला. पण त्यात फार मोठेपणा नाही. विकत घ्यायला पैसे नव्हते, हे आधीच कबूल करतो. आणि स्वतः करूनही माझी जी फजिती झाली, ती या लेखात सांगायची आहे. कारण मित्रांनो, त्या फजितीतूनच माझं एक ठाम मत झालंय : प्रयोगशाळेत सर्किट चाललं म्हणजे काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं काम ते जिथे चालायला हवं तिथे, ज्याच्या हाताने चालायला हवं त्याच्या हाताखाली होतं. आणि आपल्या रिपोर्टमध्ये या उरलेल्या अर्ध्यासाठी एकही पान नसतं.

माझं गाव येलदरी. परभणी जिल्हा, तालुका जिंतूर. पूर्णा नदीवरचं मोठं धरण आमच्याकडे आहे, १९६८ साली पुरं झालेलं. पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट. होस्टेलवर आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो, "मग तुमच्या गावात लाइट कधी जातच नसेल?" जाते बाबांनो, जाते! वीजघरात तयार झालेली वीज थेट आमच्या घरात येत नाही. ती ग्रिडमध्ये जाते आणि आमच्या घरात येते ती सबस्टेशनवरून, फीडरने, खांबांवरच्या तारांवरून. वळवाच्या वाऱ्यात एखादी फांदी त्या तारांवर पडली की वीजघर चालू असलं काय अन् बंद असलं काय, गाव अंधारात. 'धरण उशाला, कोरड घशाला' अशी म्हण आहे. आमच्याकडे कधी कधी धरण उशाला अन् अंधार घराला असतो.

अशाच एका रात्री आजी मागच्या दारी जायला उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. मनगटाला प्लास्टर बसलं. तिची बोटं आधीच संधिवाताने आखडलेली. बॅटरीचं बटण तिला दाबता येत नाही, काडेपेटी ओढता येत नाही. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो आणि मिनी प्रोजेक्टचा विषय शोधत होतो. म्हटलं, नुसतं बोट टेकवलं की लागणारा दिवा करू. टच स्विच!

सर्किट अगदी साधं. ५५५ टायमर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हान्स कामेंझिंड यांनी तो सिग्नेटिक्स कंपनीसाठी बनवला आणि १९७२ साली तो बाजारात आला. पन्नास वर्षं झाली तरी दहा-वीस रुपयांत मिळतो आणि पहिल्या वर्षाच्या पोरालाही जमतो. त्याच्या २ नंबरच्या पिनवरचं व्होल्टेज सप्लायच्या एक तृतीयांशाच्या खाली गेलं की आउटपुट वर जातं आणि १.१ गुणिले आर गुणिले सी इतका वेळ वरच राहतं. ४७० किलोओम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले की साधारण ५२ सेकंद. आजीला मागच्या दारापर्यंत जायला तेवढे पुरतात. परत येताना पुन्हा बोट लावायचं. सहा व्होल्टची बॅटरी, सहा पांढरे एलईडी आणि २ नंबरच्या पिनला जोडलेली पत्र्याची एक चकती. झालं!

होस्टेलमध्ये माझ्या खोलीसमोर रांग लागली. जो येईल तो बोट लावून बघे. दरवेळी दिवा लागे. ओरललाही लागला. परीक्षकांनी विचारलं, "बोट लावल्यावर ट्रिगर का होतं?" मी आत्मविश्वासाने ठोकून दिलं, "सर, शरीरातून करंट जातो." त्यांनी मान डोलावली. मार्क चांगले पडले. उत्तर साफ चूक होतं, पण ते त्या दिवशी ना त्यांना खटकलं ना मला.

ते मला कळलं जूनच्या सुट्टीत, येलदरीला.

डबा आजीच्या खाटेजवळ ठोकला. दिवसा दहादा बोट लावून दाखवलं, दहाही वेळा दिवा लागला. आजी खूश. तिसऱ्या-चौथ्या रात्री वारं सुटलं आणि लाइट गेली. मी मुद्दाम गप्प पडून राहिलो. आजीने बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. नाहीच. मी उठून लावलं, तरी अंधारच. बॅटरी तपासली, ठणठणीत. तेवढ्यात लाइट आली. बोट लावलं तर दिवा लगेच लागला! आजी शांतपणे म्हणाली,

"लेकरा, लाइट असली की लागायलाय तुझा दिवा. अन् लाइट असली तर मग हे कशाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तकात एक ओळ होती, मी ती वाचूनही सोडून दिली होती. माझ्या सर्किटला बोटातून 'करंट' मिळतच नव्हता. भिंतीतल्या आणि खांबावरच्या तारांमधून ५० हर्ट्झचं विद्युतक्षेत्र आजूबाजूला पसरलेलं असतं. त्या तारा आणि आपलं शरीर यांच्यामध्ये काही पिकोफॅरडचा नकळत तयार झालेला कपॅसिटर असतो. त्यातून आपल्या अंगावर थोडं ५० हर्ट्झचं व्होल्टेज कायम चढलेलं असतं. त्यालाच हम म्हणतात. आपण अँटेना असतो! २ नंबरच्या पिनचा इनपुट रोध मोठा, म्हणून तेवढ्याशा हमनेही ती एक तृतीयांशाखाली खेचली जाते. लाइट गेली की आजूबाजूच्या सगळ्या तारा मुक्या होतात. मग बोट हे नुसतं बोट उरतं.

म्हणजे मी अंधारासाठी केलेला दिवा उजेडाच्या भरवशावर चालत होता. होस्टेलमध्ये हे कधीच कळलं नसतं. तिथे भिंतीभिंतीत वायर, प्रत्येक बोर्डाला तीन चार्जर, आणि लाइट गेली की जनरेटर. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. तेव्हापासून देशाचं ग्रिड एकाच तालावर चालतं. होस्टेलमध्ये माझ्या बोटातला हम आणि आमच्या धरणाखाली फिरणारा जनित्राचा संच, दोघांचा ताल एकच. ओरलला माझा दिवा लावला होता तो खरं तर या ग्रिडने, आणि मार्क घेतले मी.

दुसरी आवृत्ती मी तिथेच केली. एका चकतीऐवजी दोन पितळी स्क्रू लावले. बोट दोन्हींना टेकलं की त्वचेतून खरोखरच करंट जाईल, मग हमची गरज नाही. माझ्या बोटाने दिवा लागला, लाइट नसतानाही लागला. आजीच्या बोटाने मात्र लागेना. ती हसून म्हणाली, "माझ्या बोटाला ओळखीना का रं हे?"

ओळखत नव्हतंच. मल्टीमीटरवर माझ्या बोटाचा रोध चार-पाच लाख ओम यायचा. आजीचं बोट धरलं की मीटर २००० किलोओमच्या रेंजवरही डावीकडे नुसता '१' दाखवायचा, म्हणजे आवाक्याबाहेर. आयुष्यभर खुरपं धरलेली, शेणाने सारवलेली, कापूस वेचलेली बोटं ती. कातडी जाड आणि कोरडी. मग एक युक्ती केली. या स्वस्त मीटरचा व्होल्ट रेंजवरचा स्वतःचा इनपुट रोध १ मेगाओम असतो. बॅटरी, आजीचं बोट आणि मीटर एकाच माळेत जोडले. मीटरने १ व्होल्ट दाखवला. म्हणजे करंट १ मायक्रोअँपिअर, उरलेले ५ व्होल्ट बोटावर, म्हणून बोट ५ मेगाओमचं. (घाबरू नका, माणसाला करंट जाणवायला याच्या सुमारे हजारपट लागतो.) ओहमचा नियम मी आठवीपासून लिहितोय. आजीचं बोट मोजलं त्या दिवशी तो पहिल्यांदा कामाला आला.

जिंतूरला एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडून दोन बीसी ५४७ आणले आणि डार्लिंग्टन जोडी केली. दोन्ही ट्रान्झिस्टरांचा गेन एकमेकांना गुणला जातो, त्यामुळे त्या एका मायक्रोअँपिअरवरही २ नंबरची पिन खाली खेचली गेली. आजीच्या बोटाने दिवा लागला. मी जिंकल्याच्या थाटात होस्टेलवर परत आलो.

श्रावणात आईचा फोन. "अरे, तुझा दिवा रात्रभर आपोआप लागायलाय अन् विझायलाय. बॅटरी बसली." पावसाळी हवेत दोन स्क्रूंमधल्या जागेवर ओल धरली होती. आजीच्या बोटासाठी मी सर्किट इतकं हळवं केलं होतं की त्याला ओलसुद्धा बोटच वाटत होती. शिवाय साधा ५५५ काही न करता नुसता बसून तीनेक मिलिअँपिअर खातो. साडेचार अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्यावरही दोन महिन्यांत बसते, दिवे लागोत न लागोत. हेही मी मोजलं नव्हतं, कारण ओरल दहा मिनिटांची असते.

पोळ्याला घरी गेलो. डोक्यात एकच चिंता होती : संवेदनशीलता कमी केली तर आजीचं बोट चालत नाही, वाढवली तर ओल चालते. मधला रस्ता सापडेना. आजीला विचारलं, "आणखी काय अडचण आहे?" ती म्हणाली, "अंधारात ती पट्टी हुडकू कुठं मी?"

हे तर मला सुचलंच नव्हतं! अंधारात लावायचा दिवा, आणि त्याचं बटण अंधारात सापडायला हवं, एवढी साधी गोष्ट.

त्या रात्री मी काही दुरुस्त केलं नाही. नुसतं बघितलं. आजी उठली, चाचपडत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडायच्या आधी डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि मग पाय उचलला. येतानाही तसंच. दुसऱ्या रात्रीही तसंच, तीच जागा, तीच उंची. पडल्यापासून तिने ती सवयच करून घेतली होती. चौकटीवर तिथला रंगसुद्धा उडाला होता.

सकाळी मी दोन पितळी पट्ट्या कापल्या, हायलमच्या तुकड्यावर एक सेंटीमीटर अंतराने बसवल्या आणि तो तुकडा बरोबर त्या रंग उडालेल्या जागी ठोकला. आता आजीला बटण शोधायचं नव्हतं. ती जे करतच होती, तेच करायचं होतं. आणि गंमत बघा, बोटाऐवजी आता पूर्ण तळवा टेकत होता. संपर्काचं क्षेत्रफळ वाढलं की रोध कमी होतो. पुन्हा मीटर लावला तर तो ३ व्होल्ट दाखवू लागला, म्हणजे ५ मेगाओमचा १ मेगाओम झाला. आता संवेदनशीलता बिनधास्त कमी करता आली. डार्लिंग्टनच्या बेसवरून जमिनीला ४७० किलोओमचा रेझिस्टर लावला. दोन मेगाओमच्या आत आल्याशिवाय ट्रान्झिस्टर आता हलत नाही. पट्ट्या घराच्या आत, हायलमवर, उभ्या. ओल धरून आपोआप लागणं बंद झालं. ५५५च्या जागी सीमॉस जातीचा ७५५५ बसवला, तो मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो.

ज्या अडचणीवर मी महिनाभर सर्किटमध्ये उत्तर शोधत होतो, तिचं उत्तर चौकटीवर होतं.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? वीस-तीस रुपयांत टीटीपी २२३चं तयार टच मॉड्यूल मिळतं. अगदी खरं आहे. ते बोटामुळे बदलणारी कपॅसिटी स्वतः मोजतं, त्याला ना हम लागतो ना त्वचेचा रोध. मी ते आधी वापरलं असतं तर माझ्या पहिल्या दोन चुका झाल्याच नसत्या. ते वापरू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. पण मॉड्यूल कुठे बसवायचं, हे मॉड्यूल सांगत नाही. चौकटीपर्यंत मला जावंच लागलं असतं. आणि विकत आणलेल्या डब्याबाबत माझी तक्रार हीच आहे. तो डबा घेणाऱ्याचे कष्ट वाचतात याचं मला दुःख नाही. तो कुणाच्याच हातासाठी बनलेला नसतो आणि कुणाच्याच घरी जात नाही, म्हणून त्याचं चुकणंही कुणाला दिसत नाही, याचं आहे.

आज खिशातल्या मोबाइलची काच आपण दिवसातून शेकडो वेळा चोळतो. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचं काम इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडलं होतं. पुढे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत एका प्रचंड यंत्राची कंट्रोल रूम उभी करायची होती. जुन्या पद्धतीने हजारो बटणं आणि खुंट्या लागल्या असत्या. त्यावर उपाय म्हणून बेंट स्टुम्प यांनी स्पर्शाचा पडदा सुचवला आणि १९७६ साली तो तिथे कामाला लागला. आधी अडचण ठरली होती, ती कुणाची हे ठाऊक होतं, मग पडदा झाला. आपल्याकडे उलटं चालतं. आधी सर्किट ठरतं आणि 'ॲप्लिकेशन्स' नावाचं पान शेवटच्या रात्री भरलं जातं : घरात, दवाखान्यात, कारखान्यात, इत्यादी. त्या 'इत्यादी'त माझी आजीही होती. ती नेमकी कोण, हे मी लिहिलं नव्हतं.

म्हणून सरांना आणि मॅडमना नम्र विनंती आहे. मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये एक पान वाढवा. त्याचं नाव ठेवा : 'कुठे चाललं नाही'. सर्किट कॉलेजबाहेर निदान एका ठिकाणी, निदान एका परक्या हाताला वापरायला द्यायचं आणि काय बिघडलं ते तारखेसह लिहायचं. या पानाला वीसातले पाच मार्क द्या. ज्याचं कुठेच बिघडलं नाही त्याला ओरलमध्ये जास्त प्रश्न विचारा. विकत आणलेल्या डब्यासोबत हे पान मिळणार नाही. मिळालंच तर दोन प्रश्नांत उघडं पडेल. माझ्या वेळी कुणी "लाइट गेल्यावर चालेल का?" एवढंच विचारलं असतं, तरी आजीची ती अंधारी रात्र वाचली असती.

वेळ कुठे आहे, असं स्टाफ म्हणेल आणि ते खरंही आहे. एका बॅचमागे किती प्रोजेक्ट तपासावे लागतात हे आम्हीही बघतो. पण दिवाळीची सुट्टी तर आहेच. सबमिशन दिवाळीआधी न घेता दिवाळीनंतर घ्या, डबे घरी जाऊन परत येऊ द्या. होस्टेलमधल्या निम्म्याहून जास्त पोरांचं घर खेड्यात आहे. इतकी चांगली टेस्टिंग लॅब कोणत्याही कॉलेजला बांधून मिळणार नाही.

आणि मित्रांनो, तुम्हाला एक सावधगिरीची सूचना. टच स्विच करायचा तर बॅटरीवर करा, किंवा चांगल्या आयसोलेटेड ॲडाप्टरवर. ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचवायला कपॅसिटर लावून थेट मेन्सवरून सप्लाय काढायची सर्किट्स सर्रास फिरतात. त्यांच्यात आणि मेन्समध्ये काहीच आयसोलेशन नसतं. तशा सर्किटला स्पर्शाची पट्टी जोडणं म्हणजे माणसाला सरळ फेजवर हात ठेवायला सांगणं आहे. हे तरी करून बघून शिकायचं नाही.

माझा दिवा अजून पुरा झालेला नाही. परवा आईने सांगितलं, घरात येणारी शेळी चौकटीला अंग घासते आणि दिवा लागतो. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. आजीची मात्र काही तक्रार नाही. ती म्हणते, "लागू दे की. तिलाबी दिसाया पायजे."

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम